वजीर दिला तो कुंदाताईंनीच

सन्माननीय अध्यक्ष विद्याधर राजाध्यक्ष, प्रमुख पाहुण्या माणिकताई दळवी, व्यासपीठावरचे ज्येष्ठ खेळाडू आणि सांताक्रूझच्या या सभागृहात पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पटकावून बसलेले बुद्धिबळप्रेमी हो,

मंडळाचा चिटणीस म्हणून कुंदाताई पाटणकरांना निरोप द्यायला उभा आहे. विमा कंपनीनं त्यांची नागपूरला बदली केली आहे.

गेल्या वर्षी त्यांच्या दिरांनी सिंगापूरहून बुद्धिबळ खेळणारं यंत्र आणलं. सोंगटी दाबायची, तांबडे दिवे लागतात, यंत्र आपली चाल दाखवतं. मला ते तेव्हाही आवडलं नाही, आजही आवडत नाही. हरल्यावर जे चडफडत नाही, त्याच्याकडून माणसानं काय शिकायचं? पण कुंदाताई रोज ऑफिसआधी त्याच्याशी खेळत राहिल्या आणि उपनगर स्पर्धेच्या अंतिम डावात त्यांनी खारदांड्याच्या हरेश्वरभाऊ कोळ्यांना हरवलं. आमच्यात भाऊंना हरवणारा तोवर कुणी नव्हता.

भाऊ तिथंच म्हणाले, "बाई, पर्स उघडा. मशीन आत हाय."

पर्समधून डबा निघाला, रुमाल निघाला. तरी आमचे खजिनदार रामनाथराव म्हणाले, "मशीन दिराकडे असेल, तो बाहेरून खुणा करत असेल." संशयाला काय, कुठंही बसायला जागा मिळते. समितीनं करंडक कपाटात ठेवला. दोघातिघांनी ताईंसमोर पट मांडायचं सोडलं.

मग ताईच भाऊंना म्हणाल्या, "तुमच्या घरी येते. पट तुमचा, माणसं तुमची."

रविवारी आम्ही खारदांड्याला गेलो. कुणी खुणा करू नये म्हणून भाऊंच्या पत्नी मंजुळावहिनी दारात बसल्या. ऐन डावात ताईंनी वजीर देऊन हल्ला चढवला. हल्ला फसला, ताई हरल्या.

रामनाथराव म्हणाले, "बघा. मशीन नाही, तर हार."

भाऊ पटाकडे बघत राहिले. "गप रे रामनाथ. फायनललाही हिनं असाच वजीर दिला होता. तवा मी घाबरलो नि चुकलो. मशीन असला जुगार खेळत नाय. ही बाईच खेळत होती."

ताईंच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "हे मंडळात सगळ्यांसमोर सांगाल?"

पुढच्या सभेत भाऊंनी उभं राहून सांगितलं.

यंत्राबद्दल माझा संशय कायम आहे. कुंदाताईंबद्दल कुणाचा उरला असेल, तर तो आज याच सभागृहात सोडून जावा. आपण आलात, शांतपणे ऐकलंत, मंडळ आपलं ऋणी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पदरात घ्यावं.

अडवून ठेवलेला करंडक आज द्यायचा आहे. तो कुणाच्या हातून घ्यायचा, हे ताईंनीच ठरवलंय. हरेश्वरभाऊ, वर या.