ठरावातला उंबरा

(रविवारची सकाळ. पाळकांचं स्वयंपाकघर. चर्च समोरच, रस्त्यापलीकडे.)

पाळक : अगं, तू बटाटे काय सोलत बसलीयस? उपासनेला पंचवीस मिनिटं राहिलीत! चर्चला कुलूप, माणसं बाहेर उभी!

पाळकबाई : किल्ली त्या खिळ्याला आहे. घ्या आणि उघडा.

पाळक : आणि आत कोण आहे? फुलं नाहीत, गाणाऱ्या नाहीत, मुलांच्या वर्गाला बाई नाही. एकही नाही!

पाळकबाई : येतील कशा? बुधवारी तुमच्या कमिटीने ठराव केला ना, लग्न झालेल्या बाईने घराबाहेर काम करू नये. चर्च घराबाहेर आहे. मी सगळ्यांना फोन करून खात्री केली, कुणाच्याच घरात चर्च निघालं नाही.

पाळक : ठराव नोकरीबद्दल होता!

पाळकबाई : माझ्या नोकरीबद्दल होता. उद्या नऊला मी कपड्यांच्या कारखान्यात मशीनं दुरुस्त करायला जाणार, म्हणून. वडिलांनी हातात पाना दिला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आता कुठे कुणी तरी तो पाना मागितलाय हो. मला जायचंय.

पाळक : ते आपण नंतर बोलू. आधी... अरे, सेक्रेटरीसाहेब! हे काय, कोटाखाली पायजमा?

सेक्रेटरी : पाळकसाहेब, सदर ठरावाचा घोर विपर्यास होत आहे! मी दूध आणायला बाहेर पडलो. परत येतो तो घरची मंडळी दार उघडेना!

पाळकबाई : वहिनींची तब्येत बरी आहे ना?

सेक्रेटरी : उत्तम! आतून बोलते, कडी काढायला उंबऱ्यावर पाय द्यावा लागतो, आणि उंबरा घरात धरायचा की घराबाहेर, ते ठरावात नमूद नाही. कोट खिडकीतून टाकला. पँट मागितली, तर म्हणाली उपसमिती नेमा.

पाळकबाई : त्यांचंही बरोबर आहे. नियम म्हणजे नियम.

सेक्रेटरी : बाई, तुम्ही तरी समजून घ्या. बाईने घर सांभाळावं, असं शास्त्रातच आहे.

पाळकबाई : आहे ना. आणि त्याच शास्त्रात एक भली बाई आहे, ती शेत विकत घेते, कापड विणून विकते, पहाटे उठून सगळ्यांना कामाला लावते. नवरा तेवढा वेशीजवळ गप्पा मारत बसतो.

पाळक : गप्पा नाहीत गं. वडीलजनांत बसतो.

पाळकबाई : तुमच्या बुधवारच्या कमिटीसारखाच ना?

सेक्रेटरी : आपण दुरुस्ती करू. घराबाहेरील काम म्हणजे फक्त पगारी काम. चर्चचं काम वगळून.

पाळकबाई : म्हणजे फुकट केलं की सेवा, आणि पगार घेतला की संसार बुडाला?

सेक्रेटरी : अं... शब्दरचना थोडी सौम्य करता येईल.

पाळक : साहेब, वीस मिनिटं राहिली. गीत तुम्ही सुरू कराल का?

सेक्रेटरी : करीन की.

पाळक : नको. मागे तुम्ही सुरू केलंत तेव्हा दोघंजण प्रेत कुठाय विचारत होते.

सेक्रेटरी : मग एकच मार्ग. नियम सातप्रमाणे सूचक आणि अनुमोदक यांनी मिळून ठराव मागे घ्यायचा. सुदैवाने दोघंही इथेच आहोत.

पाळकबाई : दोघंही? इथे तर तुम्ही आहात आणि हे आहेत.

सेक्रेटरी : तेच तर! सूचक मी, आणि... पाळकसाहेब, तुम्ही घरी सांगितलं नव्हतं?

पाळक : घेतला, ठराव मागे घेतला. साहेब, तुम्ही निघा.

पाळकबाई : सेक्रेटरीसाहेब, मागे दोरीवर ह्यांची पँट वाळतेय, ती घाला. किल्ली घ्या. दार उघडा.

सेक्रेटरी : कमरेला सैल होईल हो.

पाळकबाई : एका हाताने धरा. आणि जाता जाता खिडकीतून वहिनींना सांगा, ठराव मागे घेतला. त्या बाकीच्यांना फोन करतील.

सेक्रेटरी : निघालो! सदर बाब तातडीची आहे!

पाळकबाई : मला म्हणालात, सगळ्यांनी रेटलं, माझं काही चाललं नाही.

पाळक : चुकलो.

पाळकबाई : बटाटे सोलताना इतकं हसू येत होतं मला. आता रडू येतंय. का दिलंत अनुमोदन? शास्त्र सांगू नका.

पाळक : शास्त्राचा काही संबंध नाही गं. बावीस वर्षं प्रत्येक उपदेश आधी तुला इथे वाचून दाखवतोय. वाटलं, तू बाहेर गेलीस की चार माणसं भेटतील. आणि तुझ्या लक्षात येईल, ती माझ्यापेक्षा बरं बोलतात.

पाळकबाई : ते मला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं.

पाळक : मग?

पाळकबाई : मग काय, तरी ऐकतेय ना? सहाला घरी येईन मी. तेव्हा वाचा.

पाळक : दमलेली असशील. झोप लागेल.

पाळकबाई : चर्चमध्ये सगळ्यांनाच लागते. उठा आता. आज काय बोलणार?

पाळक : सगळा उपदेश ठरावावरच बेतला होता. हातात काहीच नाही.

पाळकबाई : मग आत्ता मला सांगितलंत, तेच सांगा.

पाळक : लोकांसमोर?

पाळकबाई : अनुमोदन लोकांसमोरच दिलं होतंत ना?

पाळक : माझ्याच्याने नाही होणार. मध्येच अडखळेन.

पाळकबाई : मी पहिल्या बाकावर आहे. अडखळलात की मोठ्याने आमेन म्हणेन, लोकांना वाटेल संपलं.