भुताच्या घराची किल्ली

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जेवायला निघालेले, तो रविवार कसा गेला ते ऐका. बाळकुमहून शहाडला जायचं होतं. आईने सकाळीच बजावलेलं, "वडे गरम खायचेत, बाराच्या आत या."

साडेदहाला मी साडी नेसून तयार, आणि निखिल लॅपटॉपसमोर. त्याचा तो जुन्या धाटणीचा भुताचा गेम. ठोकळ्यांची चित्रं, दिसेल त्या वस्तूवर क्लिक करत बसायचं. भुताच्या घरात एक मुलगी अडकलेली, आणि तीन दिवस झाले तरी दाराची किल्ली काही सापडत नव्हती.

"ही बाहेर पडली की निघालोच," तो म्हणाला.

मेथी निवडता निवडता सासूबाई डोकावल्या. "किल्ली शेजारी दिली असेल रे. त्या पलीकडच्या खिडकीत कोण म्हातारी?"

"आई, ती भूत आहे!"

"असेना. शेजारीण आहे ना? विचार की तिला."

तीन दिवस जिला बघून तो पळत होता, तिच्यावर त्याने भीतभीत क्लिक केलं. म्हातारीने मुकाट्याने किल्ली काढून दिली. दार उघडलं. मी पर्स उचलली. दाराबाहेर अंगण निघालं, आणि अंगणाच्या फाटकाला दुसरं कुलूप.

सासूबाईंनी मेथी बाजूला सारून खुर्ची ओढली.

"आई, साडेअकरा झाले," मी हळूच म्हटलं. "शहाडला वाट बघत असतील."

"थांब गं जरा," स्क्रीनवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "आधी या बिचारीला घराबाहेर पडू दे."