कप्तानाचे चार शब्द

चिटणीस : भिंतीवरच्या नऊ जणांच्या फोटोंखालचं लिहून दिलंत, कप्तान. दहावा कागद अजून कोराच आहे. आणि फ्रेमवाला पाच वाजता येतोय.

कप्तान : मग नऊच फोटो दे त्याला. माझा धरून दहा होतात.

चिटणीस : फुटबॉलच्या क्लबात दहा दिग्गज? लोक विचारतील, तुमच्या काळात गोल कोण राखत होतं, पंच?

कप्तान : त्या उंच पोराला घे की. शेवटच्या वर्षी तोच होता गोलात.

चिटणीस : त्याचे सामने सतरा, त्यातले दोन पावसानं झालेच नाहीत. तुमच्या दाजींचे दोनशे बारा. नव्वद सामन्यांत त्यांनी एकही गोल होऊ दिला नाही. मला वाटलं होतं, सख्ख्या बहिणीचा नवरा, तुम्ही पहिला कागद त्यांचाच लिहाल.

कप्तान : म्हणूनच लिहीत नाही. उद्या लोक म्हणतील, घरचा माणूस भिंतीवर चढवला.

चिटणीस : हे मागच्या बैठकीतही झालं. खरं कारण तो अंतिम सामना आहे ना?

कप्तान : एकतीस वर्षं झाली, पण लोक विसरलेले नाहीत. त्याला मी काय करू?

चिटणीस : विसरले नाहीत हे खरं. बावीस पत्रं आलीत, त्यातली एकोणीस दाजी नकोत म्हणणारी. एकानं तर काही लिहिलंच नाही, दोन हात वर केलेल्या माणसाचं चित्र काढून पाठवलंय. आणि मी तरी कुणाला नावं ठेवू? दुसरीत होते मी. बाबांच्या शेजारी बसून पाहिला तो सामना. चेंडू असा रांगत रांगत आला, दाजी वाकले, आणि धरायचं सोडून त्यांनी दोन्ही हात वर घेतले. चेंडू आरामात गोलात. घरी येऊन मी आईला हात वर करून दाखवले. सगळे पोट धरून हसले.

कप्तान : लहान होतीस तू.

चिटणीस : लहान होते, पण मागे लागून चेष्टा केली ती केलीच. पुढे कितीतरी दिवस मी पोस्टात गेले की त्यांच्या खिडकीसमोर तसंच करायचे. ते जाऊ द्या. माझं म्हणणं एवढंच आहे. फोटोखाली त्या खेळाडूच्या कप्तानाचे चार शब्द, हा क्लबचा रिवाज. तुम्ही लिहिलं नाहीत तर फोटो लागत नाही. नको असेल तर नको म्हणा, मी तशी नोंद करते. पण कागद कोरा ठेवून लोकांच्या खांद्यावर बंदूक ठेवू नका.

दाजी : येऊ का आत?

चिटणीस : या काका. बसा ना.

दाजी : बसत नाही. हिनं औषधं आणायला पाठवलंय, म्हटलं वाटेत हे देऊन जावं. उपकप्तान म्हणून ह्याच्याबद्दल लिहायचं होतं ना, ते. अक्षर जरा गचाळ आहे.

चिटणीस : जन्मभर पोस्टात काढलेल्या माणसाचं अक्षर गचाळ?

दाजी : आम्हाला दुसऱ्यांचं वाचायची सवय, बाई. स्वतःचं काढायची कुठे?

चिटणीस : वाचू का मोठ्यानं? 'गोलात उभं राहिलं की मला अर्धंच मैदान दिसायचं. उरलेलं अर्धं ह्याच्या हाकेतून दिसायचं. ह्याची हाक आली की मी कधी विचार केला नाही. आज आली तरी करणार नाही.'

कप्तान : शेवटची दोन वाक्यं खोड.

दाजी : का रे? चांगलंच लिहिलंय की तुझ्याबद्दल.

कप्तान : तेच तर. चांगलं कशाला लिहिलंत तुम्ही? तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

दाजी : ह्या बाईंनी सांगितलं होतं. चिठ्ठी पाठवली होती.

चिटणीस : मला यातलं काही कळत नाहीये. कप्तान, पाणी घेता का?

कप्तान : पाणी नको. दार लोटून घे आणि बस. तो चेंडू दाजींचाच होता. शेंबड्या पोरानंही धरला असता. ते वाकलेही होते. मी उजवीकडून धावत आलो आणि ओरडलो, 'सोड, माझा!' आमच्या संघात नियम होता, कप्तानाची हाक आली की हातातला चेंडूसुद्धा सोडायचा. त्यांनी हात उचलले. मी लाथ मारली ती हवेत; लोकांना वाटलं, मी वाचवायला धावलो. पुढचं तू बाबांच्या शेजारी बसून पाहिलंसच.

चिटणीस : म्हणजे चूक त्यांची नव्हतीच?

कप्तान : माझी होती. सगळीच्या सगळी. मैदानात माणूस मावत नव्हता, त्या गोंगाटात माझी हाक एकाच माणसाला ऐकू गेली. आणि तो माणूस मी स्वतः घरी आणलेला. ताईसाठी स्थळ मीच सुचवलं होतं. बाबांना म्हणालो होतो, मुलगा हातात आलेलं सोडत नाही.

चिटणीस : मग तुम्ही कुणालाच कसं सांगितलं नाहीत?

कप्तान : सांगणार होतो. वार्ताहर कपडे बदलायच्या खोलीच्या दारात आला तेव्हा शब्द ओठांवर होते. त्यानं विचारलं, गोलकीपरला काय झालं? मी म्हणालो, होतं असं कधीकधी. दुसऱ्या दिवशी छापून आलं, कप्तान किती मोठ्या मनाचा. मग त्या मोठ्या मनाला मीच कसा धक्का लावू? पहिल्या दिवशी चुकीची लाज वाटली. महिन्याभरानं, महिनाभर गप्प बसलो याची वाटली. नंतर तर दाजींकडे सरळ बघायचीच लाज वाटायला लागली. अजून वाटते. बघ ना, बोलतोय तुझ्याशी.

चिटणीस : काका, पण तुम्ही का नाही बोललात?

दाजी : दुसरा नियमही ह्याचाच होता. हाक कुणाची होती ते मैदानाबाहेर बोलायचं नाही. हरलो तर अकरा जण हरलो. चांगला नियम होता, संघ टिकला त्याच्यावर. मला वाटलं, ज्यानं केलाय तो माझ्यापुरता मोडेल. आठवडाभर वाट बघितली. मग लोक खिडकीवर हात वर करून तिकिटं मागायला लागले. त्यांना तिकिटं देता देता रिटायर झालो.

कप्तान : दाजी, शिव्या द्या मला. चार माणसांत द्या.

दाजी : ह्या वयात? कवळी पडेल माझी.

कप्तान : मी आत्ता लिहितो. ह्याच कागदावर लिहितो की हाक माझी होती. भिंतीवर लागू दे, सगळ्या क्लबाला वाचू दे. पण तुम्ही मला एकदा...

दाजी : माझ्याकडे काय मागतोस? मी तिथेच होतो. मला हाक ऐकू आली होती. ज्यांना आली नाही त्यांना सांग. भिंतीचं नंतर बघू. घरी तुझी बहीण आहे.

कप्तान : ताईला तुम्ही सांगितलं नाहीत? इतक्या वर्षांत एकदाही?

दाजी : लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. नवरा हात वर करणारा निघाला, ते तिनं पचवलं. एकुलता एक भाऊ असा निघाला, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार? आणि सांगितलं असतं तरी तिला वाटलं असतं, हरलेला माणूस दुसऱ्यावर ढकलतोय. तू दर महिन्याला जेवायला येतोस. मी हात धुवायला उठलो की ती तुला काय म्हणते, ते सांग ह्या बाईंना.

कप्तान : नको, दाजी.

दाजी : आमच्या घराची भिंत पातळ आहे. तू नाही सांगितलंस तर मी सांगतो.

कप्तान : ती म्हणते, ह्यांच्यामुळे तुझा करंडक गेला रे. ह्यांच्या वतीनं मी माफी मागते.

चिटणीस : आणि तुम्ही?

कप्तान : मी म्हणतो, जाऊ दे ताई, मी कधीच विसरलो.

दाजी : मी औषधं घेऊन येतो. दुकान दुपारचं लवकर बंद होतं.

चिटणीस : मी पण बाहेर थांबू का, कप्तान?

कप्तान : नको, तू इथेच बस. समोर कुणी नसलं तर मी तिच्या गुडघ्यांची चौकशी करून फोन ठेवून देईन. तेवढा मी मला ओळखतो. आणि आवाज मोठा कर त्याचा, माझ्या कानाला नीट ऐकू येत नाही.

(चिटणीस नंबर लावून फोन टेबलावर ठेवते.)

ताई : हॅलो.

कप्तान : ताई, मी बोलतोय.

ताई : बोल रे. झाली का तुमची यादी? ह्यांचं नाव नाही ना? नसू दे. मी ह्यांना सकाळीच म्हटलं, त्याला अडचणीत टाकू नका, त्याला चार लोकांना तोंड द्यायचं असतं. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. एवढं होऊनही तू ह्यांच्या पंगतीला बसतोस, मला तेच पुष्कळ आहे.

कप्तान : ताई, हाक मी दिली होती.

ताई : कुठली हाक?

कप्तान : सांगतो. तू आधी खाली बस.