मास्तरचं चाक

(अमळनेर. चिंधाचं टिनकामाचं दुकान. नर्मदाअक्का ओट्यावर टेकलेल्या.)

चिंधा : मास्तरसाठी पिंजरा? अक्का, कितीबी मारकुटा असला तरी माणूस शे तो!

अक्का : शाळेतला नाही रे. माझ्या नातीचा, छबीचा मास्तर. तिच्या मामानं कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणला. तिथं हम्मास्तर का कायसं म्हणतात.

चिंधा : पण शे काय ते?

अक्का : उंदीरच समज, शेपूट नावाला. गाल मात्र असे, की एका गालात पावशेर शेंगदाणे. दुसऱ्यात एकदा माझा चष्मा सापडला.

चिंधा : उंदराचा पिंजरा ना? मग तयारच शे. हा घ्या. भाकरीचा तुकडा अडकवा, खटका पडला की सकाळी बादलीत बुडवा. झालं.

अक्का : पकडायचा नाही रे बाबा. पाळायचाय.

चिंधा : वीस वर्षं झाली, मी फक्त पकडायचेच केले.

अक्का : मग हा पहिला. ऐक. टोपली त्यानं कुरतडली, लाकडी खोकं कुरतडलं. म्हणून टिन. तेलाचा डबा आडवा काप. समोर जाळी, माझी करंगळी जाणार नाही एवढी बारीक. खाली भुसा, कोपऱ्यात निजायला कापूस.

चिंधा : बठ्ठं होईल, जाळी-भुशासकट. दार?

अक्का : दार कसंही कर. पण आत चाक पाहिजे.

चिंधा : चाक? गाडीला जुंपता का त्याला?

अक्का : पळतो त्याच्यात. मामानं आणलं तेव्हा एक होतं. एकदा पळता पळता चाकासकट सोनगीरच्या किल्ल्यावर जाऊन आला. पायाला तिथली माती होती, मी धुतली ना!

चिंधा : तुमचं काही खरं नाही, अक्का. बरं, डब्याचं झाकण घेतो, मधून तार. दोन थेंब तेल सोडलं की आवाज नाही येणार.

अक्का : तेल नको.

चिंधा : करकर वाजेल.

अक्का : वाजू दे. खाटेखाली ठेवलं तरी वर ऐकू गेलं पाहिजे.

चिंधा : कुठली खाट?

अक्का : धुळ्याला, दवाखान्यात. तीन आठवडे झाले छबीला.

चिंधा : ताप उतरला नाही अजून?

अक्का : डोक्यात गेला. डोळे उघडत नाही आता, नुसतं ऐकते. माझा आवाज आला की एकच. आजी, मास्तरला घर केलं का?

चिंधा : डॉक्टर काय म्हणून राहिला?

अक्का : आधी खेकसायचा माझ्यावर. कालपासून गोड बोलतो.

चिंधा : (तेलाचा डबा पुढं ओढतो.)

अक्का : दुपारच्या एस.टी.नं जायचंय. हात चालव.

चिंधा : आत्ता करतो. तुम्ही मास्तरला घेऊन या तवर. मापाला लागेल. चाकात पोट अडकलं तर?

अक्का : माप नको.

चिंधा : असं कसं?

अक्का : मंगळवारी खोक्यातून निघाला तो. चुलीपाशी तुझाच पिंजरा होता. मीच लावते रोज, सवयीनं. पहाटे उठले, चष्मा सापडेना. पिंजरा जड लागला, तसाच बादलीत घातला.

चिंधा : अक्का...

अक्का : चाक हलकं कर. माझ्या बोटानं फिरलं पाहिजे.

चिंधा : करतो.

अक्का : आणि ती तेलाची बाटली ठेव खाली. नको म्हटलं ना.