बिनकुंकवाची सासू

(घाटनांदूर. रुद्रप्पा शेटजींच्या भुसार दुकानामागचं घर. गावात केबलची छत्री बसली आणि दुपारी एका चिनी वाहिनीवरची मालिका बघायचा नाद शेटजींच्या बायकोला, शांतादेवींना, आणि शेजारच्या तुळजाबाईंना लागला. भाषा ओ की ठो कळत नाही. आजचा भाग आत्ताच संपलाय, पण तुळजाबाईंचा जीव अजून तिथंच अडकलाय.)

तुळजाबाई : सासूच हाय ती म्हातारी, अक्का. माझं डोळं फुटलेत का?

शांतादेवी : आई हाय, तुळजाबाई. सासू असती तर एवढी रडली असती का?

तुळजाबाई : कावून? सासवांच्या डोळ्याला पानी नसतंय व्हय?

शांतादेवी : तसं न्हाई. पन बर्फात हुबी ऱ्हायली, मग उंबऱ्याला कपाळ टेकलं. सुनंपुढं कोन टेकतंय? पोरगी सासरी हाय. तिची आई आलीय, माफ करा म्हनाया.

तुळजाबाई : सासरी कुठली? गठुडं घिऊन रडत निघालती की ती. म्हायेरी आलीय. सासू तिला न्याया आली.

शांतादेवी : कुंकू असतं तर कळालं असतं. ना कपाळाला कुंकू, ना गळ्यात आमच्यावानी लिंग, ना जोडवं. पैल्या दिशी मी तर समदं गावच विधवांचं समजले.

तुळजाबाई : आन त्यो छत्री धरलेला गडी?

शांतादेवी : नवरा का भाऊ, देव जाने. पन सासू काय न् आई काय, तुमी एवढं मनाला कावून लावून घेता?

तुळजाबाई : परवा सुनंच्या म्हायेरची, चकलांब्याची मान्सं येनार हायेत, अक्का. सुभद्राचा बाप, चुलता. पोरीला मोकळी करा म्हनत्यात.

शांतादेवी : शिव शिव! सोडचिठ्ठी? सुंदरराव काय म्हनतेत?

तुळजाबाई : मालक म्हनतेत, जाऊ द्या, छप्पन्न सुना मिळतील.

शांतादेवी : आन तुमचा शहादेव?

तुळजाबाई : बापापुढं त्येच्या तोंडातून शबुद फुटत न्हाई. ताटावर बसतंय, भाकर चिवडतंय, उठतंय.

शांतादेवी : पंचमीला गेलती ना सुभद्रा? दिवाळी झाली की.

तुळजाबाई : मीच म्हनले हुते. न्याया मानूस धाडीपतुर पाय ठिवायचा न्हाई. आन मानूस धाडलंच न्हाई.

शांतादेवी : असं काय केलतं तिनं?

तुळजाबाई : कालवण खारट झालतं.

शांतादेवी : बास?

तुळजाबाई : बास कुठलं... शहादेव तिच्यासंगं खिदळत बसायचा. मी गेले की गप. लई लागायचं मनाला. आता घर कसं गप झालंय, तर तेबी सोसंना. माझंच मला कळंना झालंय.

शांतादेवी : मग धाडा की आता मानूस.

तुळजाबाई : कुनाला? मालक कुनाला जाऊ देईनात. म्हनून इचारते. सासू सोताच न्याया गेली, असं आपल्याकडं कुठं बगितलंय का तुमी? ती बाई गेली असंल, तर म्हंजे... कुठंतरी चालतंय की असं.

शांतादेवी : शिवांजली! अगं, च्या झाला का? हिकडं ये जरा. आमची सून लातूरला शिकलीया, तिला इचारू.

शिवांजली : हा घ्या, मावशी. काय झालं, आत्याबाई?

शांतादेवी : ती म्हातारी कोन? आई का सासू?

शिवांजली : मला तर मोलकरीण वाटली.

तुळजाबाई : मोलकरीन! आता गं बया!

शिवांजली : लहानपणापासून सांभाळलं असेल तिनं मुलीला. नक्की काही सांगता येत नाही, मावशी. मलाही त्यांची भाषा कुठे येते?

शांतादेवी : घ्या. तिघींनी बगितलं एकच, आन गोष्टी झाल्या तीन!

तुळजाबाई : ती कोन का असंना. शिवांजली, तू सून हायस. तू रुसून म्हायेरी गेली असतीस, आन तुझी सासू अशी दारात आली असती, तर?

शिवांजली : आधी आत घेतलं असतं. राग मग काढला असता.

तुळजाबाई : पन काढला असता?

शिवांजली : काढला असता, मावशी. खोटं कशाला बोलू? दोन दिवस अबोला धरला असता. मग आले असते.

शांतादेवी : बरं बोलतीस की! तू कवा रुसलीस गं आमच्यावर?

शिवांजली : एकदा पिशवी भरली होती, आत्याबाई. तुम्ही जेवायला हाक मारलीत, म्हणून राहिले.

शांतादेवी : मला कसं कळालं न्हाई?

तुळजाबाई : आपल्याला कुठं काय कळतंय, अक्का? उद्या सकाळच्या यष्टीनं जाते मी.

शांतादेवी : आन सुंदरराव?

तुळजाबाई : दितील चार शिव्या. शहादेवाला घिऊन जाते. न्हाई आला तर एकलीच जाते.

शांतादेवी : जावा. च्या तरी घ्या, निवायला लागला.

तुळजाबाई : पन अक्का, दारात हुबं ऱ्हाऊन बोलायचं काय? त्या बाईचं तर एक अक्षर कळालं न्हाई मला.