ग्रीस काढायची पेस्ट

मानसी : पण हा डबा प्रांजलच्या हाती लागला कसा, दादा?

राजेश : बेसिनखालीच असतो. माझा आहे. कंपनीतून आलो की हाताला मशीनचं ग्रीस असतं, साबणाला दाद देत नाही. ही पेस्ट चिमूटभर चोळली की हात लख्ख. ती तोंडाला लावेल हे मला काय माहीत?

मानसी : किती दिवस लावत होती?

राजेश : आठवडाभर तरी. सकाळ-संध्याकाळ. गुरुवारी बघतो तर दोन्ही गाल लालबुंद, हनुवटीची सालं निघालेली. तेव्हापासून आतल्या खोलीत. शाळा बंद, माझ्याशी बोलणं बंद. उद्या प्रिलिमचं सायन्सचं प्रॅक्टिकल आहे, दहावीचं वर्ष आहे. म्हणून तुला मुलुंडहून बोलावलं. तू कॉलेजात केमिस्ट्री शिकवतेस, आत्याचं तरी ऐकेल.

मानसी : वहिनीने डॉक्टरला दाखवलं का?

राजेश : क्षमा काल ड्युटीवरून सुटल्यावर घेऊन गेली. मलम दिलंय. डाग राहणार नाहीत म्हणाले.

मानसी : यात बारीक खडे आहेत, आणि ग्रीस विरघळवणारं द्रावक. तुझा तळहात इतक्या वर्षांत चामडं झालाय. तिचा गाल पंधरा वर्षांचा आहे.

राजेश : कळतंय गो. पण तेल काढायला तर हवंच होतं ना? कपाळ, नाक नुसतं चमकायचं. मीच सांगायचो, बाय, तोंड धू. सहा-सहा वेळा धुवायची बिचारी. तासाभराने परत तेच.

मानसी : येणारच परत. ते वरून पडलेलं नाही, आतून येतं. या वयात जास्तच येतं. माझा दहावीचा फोटो आठव. नाकावर फ्लॅश चमकलाय.

राजेश : तुझं नाक अजूनही काही कमी...

मानसी : हां. बोल, थांबलास का?

राजेश : काही नाही.

मानसी : बरं, एक सांग. तुमच्याकडे बेअरिंग केरोसीनने धुता ना?

राजेश : धुतो की. आणि मग नवीन ग्रीस भरतो.

मानसी : नाही भरलं तर?

राजेश : वेडी काय? कोरडं चालवलं तर तापेल, घासेल, दोन तासांत कामातून जाईल.

मानसी : चेहऱ्याचं तेल म्हणजे मळ नाही, दादा. वंगण आहे. तिच्यात थोडं जास्त आहे, एवढंच.

राजेश : मग मीच कोरडं चालवलं म्हण.

मानसी : मी म्हटलं नाही.

राजेश : इतकी वर्षं मशीनं सांभाळतोय. मला हे सुचायला नको होतं?

(आतल्या खोलीची कडी निघते. प्रांजल अर्ध्या चेहऱ्यावर ओढणी धरून दारात उभी राहते.)

प्रांजल : आत्या, पेस्ट का लावली ते नाही सांगितलं ना त्याने?

राजेश : का म्हणजे? तेलासाठी.

मानसी : तू सांग गं.

प्रांजल : कल्पिता आणि बाकीच्या अभ्यासाला आल्या होत्या. बाबाची सुट्टी होती. चहा घेऊन आला आणि म्हणाला, आमच्या बायच्या कपाळावर पापड तळून निघतील, गॅस वाचेल. सगळ्या हसल्या. मीपण हसले.

राजेश : अगं, मस्करी होती ती.

प्रांजल : माहितेय. आता वर्गात मला पापड म्हणतात. मुलंपण.

राजेश : कोण म्हणतं? नाव सांग मला. उद्या शाळेत येतो.

मानसी : दादा. पहिलं नाव तिने आत्ताच सांगितलं. तुझं.

प्रांजल : आणि तुझे हात काळेकुट्ट असले तरी त्या पेस्टने पाच मिनिटांत स्वच्छ होतात. मी लहानपणापासून बघतेय. म्हणून लावली.

राजेश : म्हणून या आठवड्यात वेणीपण घालू देत नव्हतीस मला?

प्रांजल : तू तेल किती ओततोस रे. शाळेत पोचेपर्यंत कपाळावर ओघळतं. मी आधी बाथरूममध्ये जाऊन पुसते, मग वर्गात जाते.

राजेश : मानसी, पहिलीपासून मीच घालतोय हिच्या वेण्या. क्षमाची मेट्रोच्या तिकीट खिडकीवर सकाळची ड्युटी, माझी सेकंड शिफ्ट. तेलाशिवाय गुंता ओढला जायचा, ही रडायची. म्हणून भरपूर लावायचो.

प्रांजल : पहिलीत रडायचे, बाबा.

मानसी : ऐका दोघं. गाल बरे होईपर्यंत नुसतं पाणी आणि डॉक्टरांचं मलम. नंतर सौम्य फेसवॉश, दिवसातून दोनदा, तिसऱ्यांदा नाही. त्यावर बिनतेलाचं हलकं क्रीम. केसांना एक दिवसाआड शाम्पू. तेल लावायचंच तर धुवायच्या आधी तासभर, खाली टोकांना. उशीचा अभ्रा दोन दिवसांनी बदलायचा. एवढं करूनही तेल थोडं येत राहील, प्रांजल. बंद होईल असं मी सांगणार नाही. वय वाढेल तसं बहुतेक कमी होतं.

राजेश : थांब, लिहून घेतो. आमच्याकडे प्रत्येक मशीनला मेंटेनन्स चार्ट असतो. बेसिनवर चिकटवतो.

प्रांजल : भिंतीवर माझा चार्ट लावलास तर मी मुलुंडला राहायला जाईन.

राजेश : नाही लावत. खिशात ठेवतो.

प्रांजल : आत्या, उद्या सगळे माझ्याकडेच बघतील.

मानसी : बघतील. अर्ध्या तासाने ज्याचं त्याचं लक्ष आपल्या परीक्षानळीत असेल. कोणी विचारलं तर काय सांगशील?

प्रांजल : चुकीचं रसायन वापरलं. निरीक्षण, त्वचा लाल.

मानसी : अनुमान?

प्रांजल : डब्यावरचं आधी वाचावं.

राजेश : बाय, ते पापडाचं... मला वाटलं तू हसतेयस.

प्रांजल : हसतच होते.

राजेश : परत नाही बोलणार. कोणासमोरच नाही. आणि हा डबा उद्यापासून कंपनीतल्या माझ्या लॉकरमध्ये.

मानसी : मग उद्या वेण्यांचं काय? वहिनी तर पहाटेच निघणार.

राजेश : तिला येतात घालता. मोठी झाली ती.

प्रांजल : डावी वाकडी होते.

राजेश : बिनतेलाची मी कधी घातली नाही गं. थोडी ओढली जाईल.

प्रांजल : साडेसहाला उठव. आणि आधी हात धू, साध्या साबणाने.