जांभ्याची ओळ

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा लीलाताई शिर्के, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत ते वास्तुविशारद श्रीपती पावसकर सर, आणि रत्नागिरीकर मंडळी,

सुरुवात एका प्रश्नाने करते. कायदा चांगला असतो, त्याचा हेतूही चांगला असतो, आणि तरीही तो आपल्या घराला ओळखत नाही. अशा वेळी कोणाच्या बाजूने उभं राहावं? कायद्याच्या की घराच्या? सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "आधी चहा घे."

दोन वर्षांपूर्वी मोठ्या इमारतींसाठी राज्याच्या ऊर्जा नियमांचा मसुदा आला. वीज कमी लागावी म्हणून भिंतीने किती उष्णता आत सोडावी, याची मर्यादा त्यात होती. मी तेव्हा सरांच्या कार्यालयात नुकतीच लागले होते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, त्यामुळे उत्साह भलताच. मसुदा घरी नेऊन बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. बाबा जांभ्या दगडाच्या चिरेखाणीत काम करतात. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ह्यात आपला चिरा कुठं हाय?"

मी मसुद्यातला मान्य भिंतींचा तक्ता पुन्हा पाहिला. वीट होती, सिमेंटचे ठोकळे होते, काच होती. जांभा नव्हता. म्हणजे इथे चिऱ्याचं हॉटेल किंवा वसतिगृह बांधायचं, तर भिंतीवर उष्णता अडवणारा आणखी एक महागडा थर चढवा. एवढा खर्च कोण करील? लोक चिराच सोडतील. मग खाणीतल्या माणसांनी, गवंड्यांनी, माझ्या बाबांनी कुठे जायचं?

हरकती आणि सूचनांसाठी तीस दिवस होते. मी तावातावाने चार पानी निवेदन लिहिलं. सरांनी ते वाचलं, शुद्धलेखन तपासलं आणि बाजूला ठेवलं. रागावून काही होणार नाही, जांभा किती थंड राहतो ते मोजून दाखवू, असं त्यांचं म्हणणं. तापमान नोंदवणारं एक उपकरण उसनं मिळालं. ते आम्ही हफीजा चाचींच्या माजघरात ठेवलं. चाची आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांचं घर खाडीकडचं, दीड हात जाडीच्या चिऱ्याच्या भिंतींचं.

दहा दिवसांनी उपकरण घ्यायला गेले, तर जागेवर नाही. चाचींनी मोठ्या अभिमानाने काचेच्या दारांचं कपाट उघडलं. त्यांच्या मुलाने, करीमभाईंनी, कुवेतहून आणलेल्या अत्तराच्या बाटल्यांमध्ये, मऊ रुमालात गुंडाळून, आमचं उपकरण विराजमान होतं. "अगो, महागाची वस्तू," चाची म्हणाल्या, "खाऱ्या वाऱ्यात सडली असती." आपल्याकडे परदेशी वस्तूंना हाच मान आहे. त्यांचं काय चुकलं? सांगायला हवं होतं मीच.

पण मंडळी, आकडे पाहिले आणि मी हरखले. दहा दिवसांत तापमान एका अंशानेही हललं नव्हतं. मुदत संपायला अकरा दिवस उरले होते. मी सरांना म्हटलं, हेच पाठवू या, घर तर चिऱ्याचंच आहे. सर म्हणाले, "पाठव की. फक्त वर लिही, हफीजाबाईंच्या कपाटाचे तापमान."

पुन्हा मोजणी सुरू झाली. या वेळी चाचींनी उपकरणाशेजारी खुर्ची टाकली, नातवंडांना माजघरात यायची बंदी केली, आणि रोज मला फोन: "तुझा डबा जाग्यावर हाय." नवे आकडे कपाटाइतके देखणे नव्हते. भर दुपारी घर बाहेरच्यापेक्षा चार अंशांनी थंड, एवढंच. पण खरे होते. अर्ज शेवटच्या दिवशी गेला. सरांनी त्यात पहिल्या दहा दिवसांचा घोळही लिहायला लावला.

मुंबईच्या सुनावणीत अधिकारीबाईंनी नेमकं तेच पान उघडलं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "कपाट सागवानी होतं का?"

"फणसाचं," सर गंभीरपणे म्हणाले.

सगळं दालन हसलं, आणि मग आमचे आकडे नीट ऐकून घेतले गेले. यंदा अंतिम नियम आले आणि भिंतींच्या तक्त्यात जांभ्याची एक ओळ आली. त्या दिवशी बाबांनी खाणीवर पेढे वाटले.

पण ती ओळ दोन वर्षांपुरतीच आहे. दहा घरांतली वर्षभराची मोजणी दिली नाही, तर ती जाईल. आणि सर तर निवृत्त होत आहेत. कार्यालय बंद होणार म्हणून त्यांनी माझ्यासाठी पुण्याच्या मोठ्या कंपनीत शब्द टाकला, शिफारसपत्रही लिहिलं. त्या पत्राइतकं माझ्याबद्दल चांगलं कोणी लिहिलेलं नाही. सर, ते मी जपून ठेवलं आहे, पाठवलेलं मात्र नाही.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण इतका वेळ ऐकून घेतलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लहान समजून पदरात घ्या. सरांची माफी मात्र वेगळी मागते, कारण त्यांना न विचारता एक गोष्ट केली आहे. पुण्याला नकार कळवला. कार्यालयाचा भाडेकरार माझ्या नावावर करून घेतला. आणि काल सकाळी दहा वाजता मी ते उघडलं.